पटावर न घातलेलं नाव

जळगावातल्या एका मराठी शाळेत मी पहिलीचा वर्ग घ्यायचे. दर जूनमध्ये कुणी ना कुणी वय न भरलेलं मूल घेऊन दारात उभं राहायचं आणि मी त्यांना समजावून परत पाठवायचे. माझ्या मुलीची वेळ आली तेव्हा मात्र नियमाचा आधार नव्हता. मे महिन्यात तिला पाच पूर्ण झाली होती. घालायची तर घालता येत होती, थांबवायची तर थांबवताही येत होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवरा पाइपांच्या कारखान्यात हिशेब बघायचा. धुळ्याला राहणाऱ्या नणंदेचा मुलगा आमच्या मुलीपेक्षा थोडासाच मोठा, तो यंदा पहिलीत जाणार होता. "मग आपलीही जाईल," नवरा म्हणाला. त्याच्या लेखी विषय तिथेच संपला.

मी म्हटलं, "आधी थोडे दिवस माझ्या वर्गात नुसती बसू दे. पटावर नाव नंतर घालू." मुख्याध्यापिकांनी हरकत घेतली नाही.

पहिल्या दिवशी रिक्षातून उतरताना मी तिला सांगितलं, "वर्गात मला आई म्हणायचं नाही. सगळी मुलं बाई म्हणतात, तसंच म्हणायचं." तिने मान हलवली.

तिला सगळं जमलं. अक्षरं ती इतरांच्या आधी गिरवायला लागली. मधल्या सुट्टीनंतर तिचे डोळे मिटायचे. इतर मुलंही झोपायची, पण उठली की ती मुलं कुरकुरायची, पाणी मागायची. ही दचकून उठायची आणि थेट पेन्सिल हातात घ्यायची.

दुसऱ्या आठवड्यात एकदा जेवताना ती म्हणाली, "बाई, मला अजून भाजी वाढा."

नवरा हसला. मीही हसले. "घरी आई म्हणायचं गं."

"हो, बाई," ती म्हणाली. थट्टा करत नव्हती.

दोन दिवसांनी मी चुलीवर भरताची वांगी भाजत होते. मागे वळले तर ती मोरीच्या दाराशी करंगळी वर करून उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी "जा" म्हटलं तेव्हा गेली.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "यंदा नको घालायला."

"का? तिला येत नाही?"

"येतं."

"रडते?"

"नाही. घरातसुद्धा परवानगी मागते."

"शिस्त लागतेय तिला. आणि तुझ्या वर्गात नको असेल तर दुसऱ्या तुकडीत बसव. त्यासाठी वर्ष कशाला घालवायचं?"

त्याचं चूक नव्हतं. पण दुसऱ्या तुकडीतही ती तशीच उभी राहिली असती, आणि तिथे मला दिसली नसती.

त्याच आठवड्यात नरडाण्याजवळच्या गावाहून सासरे आले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ते मुलाची बाजू घेणार असं मी धरूनच चालले होते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि नातीला जवळ बोलावलं.

"साळा आवडस का तुले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "सांगू का?" तिने मला विचारलं.

आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मुलाकडे वळून म्हणाले, "पोर ल्हान शे अजून. मी लई जास तिले."

नवरा वडिलांपुढे कधी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी ती आबांचं बोट धरून त्यांच्या गावी जायला स्टेशनवर गेली.

दिवाळीपर्यंत ती गावी राहिली. रविवारी जमेल तेव्हा मी पॅसेंजरने जायचे. सुरुवातीला माझ्यासमोर हात बांधून उभी राहायची. पोळ्याच्या सुमारास गेले तर ती अंगणात चिखलाचे बैल करत बसली होती. हातपाय धुवायला हाक मारली, तर वर न बघताच म्हणाली, "मी नही येस." मी तिथेच पायरीवर बसले. फार बरं वाटलं.

पुढच्या जूनमध्ये तिचं नाव दुसऱ्या बाईंच्या तुकडीत घातलं. दोन दिवस रडली, मग रमली. अभ्यासात मधलीच राहिली. धुळ्याच्या भावाची पुस्तकं तिला वर्षभराने मिळत गेली. नवरा बरीच वर्षं म्हणायचा, "एव्हाना एक यत्ता पुढे असती." पुढे त्याने ते सोडून दिलं.

नववीत असताना तिने एकदा विचारलं, "मला मागे का ठेवलं होतं?"

"तू फार ऐकायचीस," मी म्हटलं.

"एवढ्यासाठी?"

"हो."

तिला ते पटलं नाही. "हे काय कारण झालं?" म्हणाली आणि सायकल काढून क्लासला निघून गेली.