धुण्यासारखे पाय

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात, कारण प्रभूने शिष्यांचे धुतले होते. आमच्या टोकावड्याकडच्या चर्चमध्ये या विधीला एक गावठी पोटविधी आहे: पाय घरूनच घासून आणायचे. मीही त्या बारांत असतो आणि दरवर्षी अर्धा चंदनसाबण झिजवतो. फादरांच्या हाताला काही लागू नये, याची एवढी काळजी खुद्द शिष्यांनीही घेतली नसेल.

सोमीमावशी एकतीस वर्षं हे चर्च झाडते आहे. कौलं गेली, स्लॅब आला, पाच फादर बदलले, झाडू तिचाच. तिची इच्छा एकच, एकदा त्या खुर्चीत बसायचं. आधी अडचण अशी की ती बाईमाणूस. मग रोमहून बायकांनाही मुभा आली, तेव्हा अडचण तिच्या टाचांत निघाली.

"मावशे, त्या भेगांत फादरचा टॉवेल अडकंल गो!" पॅरिश कौन्सिलचा सेक्रेटरी सुयोग म्हणाला होता. आम्ही हसलो. मावशीही हसली.

यंदा चर्चला पन्नास वर्षं झाली. सुयोगने बारावं नाव मावशीचं लिहिलं, पण अट घातली. "आधी पाय दाखवायचे. स्मरणिकेत फोटो जायचाय."

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, मावशीने वजरीने टाचा घासल्या, मोहाचं तेल चोळलं आणि वर नातीचे, म्हणजे रविनाचे, शाळेचे मोजे चढवले. मोजे घालून ती चर्च झाडायची. पोरं "मॅडम, गुड मॉर्निंग" म्हणायची. शेवटच्या रविवारी सुयोगने, म्हशाच्या जत्रेत बैलाचे खूर बघतात तशा, टाचा उलटसुलट करून पाहिल्या.

"पास!"

गुरुवारी संध्याकाळी मावशी बाराव्या खुर्चीत बसली. चपला सगळ्यांच्याच दाराबाहेर. मिस्सा सुरू व्हायला दहा मिनिटं असताना कळलं, पाय धुवायचं घमेलं गळतंय.

"मावशे, तुझी पितळेची परात आण. पळ, तुझंच घर जवळ," सुयोग म्हणाला.

उरलेल्या अकरा जणांना अचानक गुडघे आठवले. मावशीला ढिगात आपली चप्पल सापडेना, म्हणून ती तशीच अनवाणी पळाली, जवळच्या वाटेने, बाळारामच्या शेतातून. बाळारामने त्याच दुपारी राब भाजला होता. भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा जाळला होता, आणि राख अजून गरम होती.

ती परात घेऊन आली तेव्हा घोट्यापर्यंत काळी होती आणि एका टाचेला फोड आला होता. पांढऱ्या फरशीवर ठसे उमटवत ती खुर्चीपाशी पोचली. खुर्चीत शाळेच्या संध्याबाई बसल्या होत्या. नखांना गुलाबी पॉलिश.

"आता या पायांनी कुठं?" सुयोग कुजबुजला. "फोटो हाय ना."

"अरं, पण आता तर धुण्यासारखे झालेत!"

अख्खं चर्च हसलं. फादरही हसले. मीसुद्धा. मावशी विनोद करत नव्हती, हे आमच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तोवर मिस्सा सुरू झाली होती.

मावशी टॉवेल धरून भिंतीशी उभी राहिली. फादरांनी तिच्या परातीत आमचे चोवीस पाय धुतले. पाणी शेवटपर्यंत इतकं नितळ राहिलं, की तळावर कोरलेलं 'सोमीस लग्नात सप्रेम भेट' स्पष्ट वाचता येत होतं.

फोटो छान आले. सुयोगने मावशीच्या हातात फडकं दिलं. "ते काळे ठसे तेवढे पूस गो."

ती ओणवी होऊन दारापासून बाराव्या खुर्चीपर्यंत आपलीच पावलं पुसत आली. मी पाय वर उचलून बसलो. धुतलेले होते ना.

"परात राहू दे हितंच," सुयोग म्हणाला. "पुढल्या वर्षी शोधायला नको."

"आन मी?"

"तू कुठं जातेस गो? तू तर असतेसच."