तेवीस पेपर, एकच चूक

चौधरी सर शिकवताना मारायचे. शाळेतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना नव्हे, एम.एड.च्या दाढीमिशा फुटलेल्या बाप्यांना! कमला नदीकाठच्या आमच्या या गावात उग्रनारायण चौधरींनी सव्वीस वर्षं मूल्यमापन, संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती शिकवली. तेवढ्या वर्षांत किती जणांच्या कानाखाली जाळ काढला, याची आकडेवारी मात्र त्यांनी कधी ठेवली नाही. वर्गमूळ काढायला विसरलास? धाड! संशोधन करायच्या आधीच निष्कर्ष लिहून आणलास? डस्टर सूं करत यायचं. रामनगीना पाठकाच्या भुवईला चार टाके पडले, आणि तो गाढव ते अजून मिरवतो.

शिकवायची रीत आमच्याकडे सगळीकडे आहे तीच. सरांनी टिपणं सांगायची, मुलांनी खाली मान घालून उतरवायची, घोकायची आणि परीक्षेत ओकायची. पुस्तक उघडून ताडून बघणारा आगाऊ ठरायचा. मापन शिकायला आलेली माणसं, पण सरांचं टिपण मापायचं कुणाच्या बापाला सुचायचं नाही.

त्या वर्षी परीक्षेत मध्यांकाचं गणित आलं. पन्नास मुलांचे गुण गटागटांत मांडलेले. मधलं मूल चाळीस ते पन्नासच्या गटात बसत होतं, म्हणजे उत्तरही त्याच गटात यायला हवं. सरांनी पेपर तपासायला घेतले, तर तेवीस जणांचं उत्तर चौतीस! मागच्या गटांपर्यंतचीच बेरीज घ्यायची, ती सगळ्यांनी त्या गटासकट घेतलेली. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बरोबर उत्तर शंभर जणांचं सारखं येईल," ते बायकोला ओरडून सांगत होते, "पण चूक? तेवीस डोक्यांत एकच चूक कशी येईल? चिठ्ठी फिरली आहे!"

"अहो, आधी जेवा तरी," इंद्रकला म्हणाली. "भात गार झाला."

दुसऱ्या दिवशी रंभा कुमारी वही घेऊन घरी आली. ही तेवीसांतलीच, नेहमी पहिली येणारी. "सर, हे तुमच्याच टिपणात आहे, बघा ना," एवढंच म्हणाली बिचारी. सरांनी वही उघडलीसुद्धा नाही. ओट्यावरून सरळ गटारात भिरकावली. "माझ्या टिपणात चूक काढतेस? सव्वीस वर्षं शिकवतोय मी!" सरांच्या तक्रारीवरून तेवीसही जणांना, नक्कल केली म्हणून, दोन वर्षं परीक्षेला बंदी झाली.

या तेवीसांत टुनटुन सिंह होता. टुनटुन म्हणजे कॉलेजचा दादा. कमरेला गावठी कट्टा, मागे मोटरसायकलींवर सहा टाळकी. निवडणुकीत त्याने लोकांचे गुडघे फोडलेले सगळ्या गावाने पाहिले होते. त्याने नक्कल केली नाही, असं कोण म्हणणार? पण तो भर बाजारात, सत्तूच्या गाड्यापाशी, सरांसमोर हात जोडून उभा राहिला.

"सर, मी आयुष्यात सगळं केलंय. नक्कल नाही केली. आईची शपथ. तेवढं एक लिहून द्या, नोकरीचं बोलणं झालंय माझं."

"तुझ्या आईला तरी माहीत आहे का तू काय आहेस ते?" सर म्हणाले, आणि चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली. एक नव्हे, दोन.

तिसरी पडली नाही. टुनटुनने मोटरसायकलवरची हॉकी काढली आणि सरांच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज गाडेवाल्यालाही ऐकू गेला. सर पडले, तरी तो मारतच राहिला. खांदा, बरगड्या, तोंड. दोन दात सत्तूच्या पिठात पडले. "गुंड ना मी? घ्या, गुंड घ्या!" असं ओरडत होता आणि रडत होता, हे मी उगाच सांगत नाही, बघणारे अजून सांगतात.

पोलिसांनी त्याला त्याच दिवशी धरला. ठाण्यात तळपायावर काठ्या, कानावर काठ्या. डावा कान कायमचा गेला. खुनाच्या प्रयत्नाचा खटला भरला. सरांचा जबाब पोलिसांनीच लिहून आणला: नक्कल पकडली म्हणून हल्ला, सरांनी बोटही लावलं नव्हतं. सरांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. गावाने त्यांच्या डोक्यावर मानाची पगडी, पाग, ठेवून, अंगावर चादर घालून सत्कार केला, भाषणं ठोकली. उजवा हात मात्र वाकडाच जुळला.

नवं वर्ष सुरू झालं. सर टिपणं सांगत होते. जुनी वाळवीने खाल्ली म्हणून मागच्या वर्षी घाईत नव्याने उतरवून काढलेली होती, तीच. मध्यांकाचं उदाहरण आलं. "गटासकटची बेरीज वजा करा," सर वाचत गेले, "उत्तर..." आणि थांबले. उत्तर गटाच्या बाहेर पडत होतं. समोर चाळीस पेनं मुकाट चालली होती. एकानेही मान वर केली नाही. सरांनी तास अर्ध्यात सोडला. कपाटातून मागच्या वर्षीची हजेरी काढली. मध्यांकाच्या दिवशी तेवीसच जण हजर होते, बाकीच्यांनी पुस्तक उघडलं असणार. तेच तेवीस.

साक्ष आठ दिवसांवर होती. पोलिसांनी लिहिलेलंच सर बोलले, तर टुनटुन दहा वर्षं आत जाणार होता.

"काही बोलायचं नाही," इंद्रकलाने दटावलं. "हात तुमचा मोडलाय. दात तुमचे पडलेत. त्या मेल्याची दया कसली करता? आणि गाव शेण घालेल तोंडात!"

"घालू दे," सर म्हणाले. "खायलाच हवं मला."

कोर्टात खच्चून गर्दी होती. सर पिंजऱ्यात उभे राहिले आणि घडाघडा सगळं बोलून मोकळे झाले. नक्कल झालीच नव्हती. चूक माझ्या टिपणात होती. मुलगी वही घेऊन आली, तीही मी बघितली नाही. बाजारात आधी हात मी उचलला, दोनदा. सरकारी वकील "साहेब, साक्षीदार फुटला!" म्हणून ओरडला. मागे कुणीतरी शिवी हासडली.

सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते टुनटुनकडे बघत होते. तो उजवा कान पुढे करून ऐकत होता.

"टुनटुन," सर म्हणाले, "उत्तर गटाबाहेर पडतंय, हे तुला दिसलं नाही का रे?"

"दिसलं होतं सर. तासालाच दिसलं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

कमरेला कट्टा लावून हिंडणारा तो गडी खाली बघायला लागला.

"मारलं असतंत तुम्ही," टुनटुन म्हणाला.