घंटीला उत्तर

गार्डाने गाडीच्या शेपटाला उभं राहायचं आणि घंटी वाजवायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण दोन घंट्या म्हणजे 'निघ', एक म्हणजे 'थांब', आणि तीन म्हणजे 'बोलायचंय'. पुढच्या टोकाला बसलेल्या मोटरमनने जेवढ्या ऐकल्या तेवढ्याच परत वाजवायच्या. उत्तर आल्याशिवाय गाडी इंचभर हलत नाही. आमच्या गार्डाचा या नियमावर फार जीव. खरं तर सगळ्याच नियमांवर. सहकारी त्याला 'नियमावली' म्हणूनच हाक मारत आणि तोही मुकाट ओ देई.

आणि त्याचा मोटरमन कोण? तर सख्खा थोरला भाऊ, ज्याच्याशी तो अकरा वर्षं एक शब्द बोलला नव्हता.

त्यांचे वडील याच लाइनीवर रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते. तेव्हा एकच रूळ, धूर ओकणारं इंजिन आणि मागे चार डबे. आज ज्याला उपनगर म्हणतात ते तेव्हा नुसतं शेत. गाडी यायची झाली की वडील कंदील घेऊन उभे राहत, एका बाजूला लाल काच, दुसऱ्या बाजूला हिरवी, आणि दोन्ही पोरं कुंपणावर बसून बघत. पुढे विजेच्या तारा आल्या, धूर गेला, दुसरा रूळ पडला, शेतात इमारती उगवल्या. वडीलही गेले. कंदील तेवढा थोरल्याच्या घरी खुंटीवर राहिला. मग लाइनीला शंभर वर्षं झाली म्हणून शेवटच्या स्टेशनातल्या रिकाम्या पार्सल खोलीत जुन्या वस्तू मांडायचं ठरलं, आणि थोरल्याने कंदील उचलून तिथे देऊन टाकला.

"मला विचारलंस?" धाकट्याने विचारलं.

"त्यात काय विचारायचं? घरी गंजतच होता."

बस्स. एवढ्यावरून दोन शहाणीसुरती माणसं तोंड फिरवून बसली. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. ड्यूटीची जोडी बदलून मागावी, तर अर्जात कारणाचा रकाना असतो, आणि त्यात 'कंदील' असं कोण लिहील?

भांडण झालं तेव्हा गाडी नऊ डब्यांची होती, पुढे बाराची झाली, म्हणजे अबोलाही तीन डब्यांनी लांबला. शेवटच्या स्टेशनात गाडी उलटी फिरायची, तेव्हा दोघांना टोकं बदलावी लागत. थोरला पुढून मागे येई, धाकटा मागून पुढे जाई, आणि बरोबर सहाव्या डब्यापाशी दोघं समोरासमोर. एक घड्याळाकडे बघे, दुसरा बुटांकडे.

घंटीचं मात्र तसं नव्हतं. तिला उत्तर द्यावंच लागे. "घरी मुके, आणि गाडीत दिवसभर गप्पा!" थोरली जाऊ कपाळावर हात मारून म्हणायची.

"काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, जाऊबाई," धाकटी समजूत घालायची. "बोलतील." वाट बघता बघता दोघींचे केस पिकले.

त्या दोन ठोक्यांतून धाकट्याला सगळं कळायचं. फटाफट वाजले की स्वारी तापलेली आहे, रेंगाळले की रात्री झोप झालेली नाही. एकदा ऐन उन्हाळ्यात उत्तर फारच उशिरा आणि दबकं आलं. पुढच्या स्टेशनात त्याने हमालाला पिटाळलं, "मोटरमनला थंड पाणी दे. कोणी पाठवलं ते सांगू नकोस." त्यानंतरची घंटी आली ती ठणठणीत, पण दोन ठोक्यांच्या मध्ये थोडं थांबून. त्याला कळलं, दादाला कळलंय. तेवढ्यावर तो आठवडाभर खूश होता, बायकोलाही न सांगता.

आणि आज थोरल्याच्या नोकरीची शेवटची फेरी होती. उद्यापासून पुढे कोणी दुसराच बसणार. घंटी गेली की दोघा भावांत उरणार काय होतं? काहीच नाही. प्रत्येक स्टेशनात धाकटा दोन ठोके देत होता, दोन परत घेत होता, आणि किती उरले ते मोजत होता.

अठरावं, शेवटचं स्टेशन आलं, गाडी थांबली. आज टोकं बदलायची नव्हती. परतीच्या फेरीचे मोटरमन आणि गार्ड फलाटावर तयार उभे होते. थोरला पुढच्या फाटकातून परस्पर घरी जाणार होता.

विनाकारण घंटी वाजवणं हा गुन्हा. नियमावलीने जन्मात तो केला नव्हता. त्याने बटणावर बोट ठेवलं आणि तीनदा दाबलं.

उत्तर नाही.

पुन्हा तीनदा. तरीही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादाने घंटीला उत्तर दिलं नव्हतं. धाकट्याचे डोळे भरून आले. गेला, न बोलताच गेला, असं म्हणत त्याने दारातून बाहेर डोकं काढलं.

थोरला पिशवी घेऊन फलाटावरून येत होता. सहावा डबा आला. तिथे त्याने घड्याळ बघितलं नाही. सातवा, आठवा, नववा डबा मागे टाकत तो धापा टाकत शेवटच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"घंटीला उत्तर दिलं नाहीस," धाकटा म्हणाला. अकरा वर्षांनी तोंड उघडलं, तेही तक्रार करायला!

"घेऊन आलोय ना. काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग विनाकारण वाजवलीस? तक्रार करू?"

"कर. कारणाच्या रकान्यात कंदील लिही."

थोरल्याचा चेहरा उतरला. "विचारायला हवं होतं रे तुला," तो म्हणाला. "माझंच चुकलं. दिल्यापासून मी एकदाही बघायला गेलो नाही तो. एकट्याला जाववलं नाही."

धाकट्याने नव्या गार्डाच्या हाती गाडी सोपवली, वहीत सही केली आणि खाली उतरला. पार्सल खोली फलाटाच्या त्या टोकाला होती. दोघं निघाले. त्या फलाटावर ते हजारो वेळा चालले होते, पण एकाच दिशेने आज पहिल्यांदा.