मेढ्याच्या रानात मेंढरं बसवताना

जेवताना मी बायकोला कझाक भटक्यांबद्दल सांगत होतो. पूर्वी त्यांची घरं नुसत्या कळपांवर चालत नसत. बायका लोकर थापून नमदे, म्हणजे जाड गालिचे करत, पुरुष माल वाहत, कुणी थोडं धान्यही पिकवी. एकदा तिकडे जायलाच हवं, असं म्हणताच ती म्हणाली, "आधी आपले धनगर कशावर जगतात ते बघून ये. पेट्रोलवर भागेल."

निघालो! घरून पहाटे बाइक काढली, पेठ नाक्याला हायवे धरला, कराडला झणझणीत मिसळ. मेढ्याकडे वळण्याआधी साताऱ्यातच टाकी भरा. मेढ्यात साधी खोली सातशेला मिळाली.

भातकापणी उरकली होती, रिकाम्या रानांत धनगरांचे कळप उतरत होते. गावाबाहेर आटपाडीकडचे बाजाबा आणि हिराबाई हे धनगर जोडपं भेटलं. घोड्यावर संसार, हिराबाईंच्या हातात टकळी; चालता चालता लोकर कातणं चालूच. मी लगेच विचारलं, मेंढ्यांशिवाय कमाई कशाची?

"रातीला कुनाच्या रानात मेंढरं बसवायची," बाजाबा म्हणाले. "लेंडीखत त्येंचं, धान्य आमाला. लोकर आता कोन घेत न्हाई. ही आपली उगाच कातती."

त्या दिवशी मात्र पंचाईत झाली. मेंढरं बसवायला त्यांना बोलावणारा शेतकरी, फौजेतून निवृत्त झालेला, ओशाळून म्हणाला, "काल दुसरा कळप आला, आमी त्येंनाच तुमी समजलो. रानात बसून गेली की मेंढरं!"

हिराबाईंकडचं पीठ सकाळीच संपलं होतं.

शेतकऱ्याच्या घराच्या ओसरीवर त्याची आई बसली होती. तिच्या घोंगड्याचा काठ पार उसवलेला. "आवं आजी, द्या हिकडं," म्हणत हिराबाईंनी दाभण काढलं आणि स्वतः कातलेल्या सुतानं काठ शिवायला घेतला. खरं सांगतो, यानं काय होणार, असंच मला वाटत होतं.

दिवस मावळता काठ पुरा झाला. म्हातारीनं घोंगडं पांघरून बघितलं आणि लेकाला हाक मारली. "तुझ्या भावाचं रान रिकामंच हाय न्हवं? बशीव की रं तितं!"

लेकानं भावाला फोन लावला. मेंढरं बसली. घरातून सूपभर तांदूळ आला.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय बघितलंस? प्रवास स्वस्तात झाला, त्या रात्री त्यांच्याबरोबर खाल्लेला धुरकट चुलीवरचा भातही अजून आठवतो. पण मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळचंच सांगितलं. कळप निघाला, तेव्हा बाजाबांनी हिराबाईंच्या कडेवरचं कोकरू आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "तू कात."