पायऱ्या न लिहिलेला पेपर

बायको जाऊन दुसरं वर्ष लागलं. ती असताना हे बोललो नाही, आता लिहून काय उपटणार? तरी लिहितो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची खोली. मी चौथी शिकलेला गवंडी. ती आठवी झालेली, बालवाडीत मदतनीस. झाडू मारायचा, पाणी भरायचं, पोरांची शी-शू धुवायची. शिकवायची जागा हवी तर दहावी पास पाहिजे. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. मी हसलो. "अगो, या वयात?"

"या वयात झाडू मारलेला चालतो ना तुम्हाला?"

शेजारी शाळेतल्या एक बाई राहायच्या. रविवारी त्या तिला गणित शिकवायच्या. एक गणित मला अजून पाठ आहे. एका संख्येच्या तिपटीत पाच मिळवले की वीस येतात, तर ती संख्या कोणती? ती लिहायची, समजा ती संख्या क्ष. तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस. दोन्हीकडून पाच वजा केले, तीन क्ष बरोबर पंधरा. दोन्हीकडे तिनाने भागलं, क्ष बरोबर पाच. मी चहा पिता पिता म्हटलं, "पाच." तिची अजून दुसरी ओळसुद्धा झाली नव्हती.

तेव्हापासून मला चेव आला. भूमितीत तर मी राजाच. दहा फुटांची शिडी, पाय भिंतीपासून सहा फुटांवर, तर ती किती उंचावर टेकेल? आम्ही कोपरा काटकोनात धरताना एका भिंतीवर तीन फूट मोजतो, दुसरीवर चार. तिरकी दोरी पाच फूट भरली की कोपरा बरोबर. तिन्हींची दुप्पट केली, सहा, आठ, दहा. उत्तर आठ. ती मात्र बाजूंचे वर्ग, वजाबाकी, वर्गमूळ करत पान भरायची.

"पानभर कशाला गो? मुकादम माप मागतो, कहाणी नाही."

बाई म्हणाल्या, "वहिनी, पायऱ्या लिहा हां. मार्क पायऱ्यांना असतात."

"बाईंनी कधी भिंत बांधलीय?" त्या गेल्यावर मी म्हटलं. ती हसली. हळूहळू माझ्यासारखं तोंडी करू लागली. तिने नुसता आकडा सांगितला की माझी छाती फुगायची.

निकाल लागला. बाकी विषय सुटले, गणितात गेली. तेही थोडक्यात. बाईंनी गुणपत्रिका पाहिली. "पायऱ्या लिहिल्या होत्यात ना?"

मी मोरीत हात धूत होतो.

"वेळ पुरला नाही हो बाई," ती म्हणाली.

खोटं. पेपर देऊन आली त्या दिवशी मला म्हणाली होती, "अर्धा तास आधीच झालं माझं. नुसती उत्तरं लिहिली, तुमच्यासारखी." आणि मी झकास म्हटलं होतं. आता बाहेर येऊन सांगायला हवं होतं, की बाई, हे माझं शिकवणं. हात धूतच राहिलो.

ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. बाईंनी फॉर्म आणून दिला. तिने माझ्याकडे बघितलं. 'बस' एवढंच म्हणायचं होतं मला. म्हटलं, "बघ तुझं तू." तिने फॉर्म परत केला. शिकवायची जागा दुसऱ्या एकीला मिळाली, वयाने हिच्याहून लहान होती. तिला ताई म्हणत हिने शेवटपर्यंत झाडू मारला.

लोक म्हणतात, सुखाचा संसार केलात. मी मान हलवतो. एकदा तरी भांडायचं होतंस गो. 'तुमच्यामुळे' म्हणायचं होतंस. तिला कळलं नसेल असं समजण्याइतका मी मूर्ख नाही. तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी जन्मभर त्याच्या आड बसलो.