दुपारच्या झोपेतलं चित्र

मला चित्रकला येत नाही. साठीनंतर शिकायला लागले, तरी ती आलेली नाही!

खरं तर ती मला अण्णांकडून यायला हवी होती. अण्णा म्हणजे माझे वडील. खडकीच्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचे. रविवारी क्वार्टरच्या पायरीवर बसून मला कोंबडी काढायला शिकवायचे. कोंबडी बिघडली (दर रविवारी बिघडायची!) की मी कागद चुरगाळायचे. अण्णा तो तळहातानं सपाट करत म्हणायचे, "अगं, हात आत्ता कुठे शिकतोय. त्याच्यावर ओरडू नकोस." अण्णांची अजून फार आठवण येते. म्हणूनच गेल्या वर्षी पेन्सिल घेतली आणि ठरवलं, एक तरी चेहरा असा काढायचा की बघणाऱ्यानं आपणहून ओळखावा. नाही जमलं, तर हा नाद कायमचा सोडायचा.

मॉडेल घरातच होतं. पण आमचे हे एका जागी स्थिर असतात ते फक्त दुपारी एक ते चार! मग झोपेतच काढायला घेतले. खोडरबर झिजले. एकदा हनुवटी खांद्यावर आली, एकदा नाक आलंच नाही. कागद चुरगाळायला हात शिवशिवायचे, पण अण्णा आठवायचे आणि मी पुन्हा नाकाला लागायचे.

अखेर हे कागदावर उतरले. डोळे मिटलेले, चेहरा शांत. भिंतीवर एकच खिळा रिकामा होता. सासऱ्यांचा फोटो नव्या फ्रेमसाठी दुकानात गेला होता, त्यांचा चंदनाचा हार मात्र खिळ्यावरच होता. मी चित्र तिथेच अडकवलं आणि चहा टाकायला आत गेले. (हार काढायला हवा होता, हे आता सगळेच सांगतात!)

शेजारच्या देशपांडे वहिनी वाटी परत द्यायला आल्या आणि भिंतीकडे बघून वाटीसकट माघारी पळाल्या. थोड्याच वेळात अख्खी सोसायटी दारात!

"कालच तर मंडईत भेटले होते हो!" कुणीतरी हुंदका दिला.

त्या आवाजानं हे उठून स्वतःच बाहेर आले. "काय कटकट आहे? कोण गेलं?"

"तुम्ही!" वहिनी किंचाळल्या.

"मग चारनंतर या. माझी झोप व्हायचीय अजून."

सगळे पोट धरून हसत होते. मी मात्र वहिनींना गाठलं.

"वहिनी, म्हणजे चित्र बघून तुम्ही यांना ओळखलंत?"

"बघताक्षणी!"

माझे डोळे भरून आले. आत्ता अण्णा हवे होते!

"चेहऱ्यावरून ना?"

"छे हो! माकडटोपीवरून. भर दुपारी ती घालून झोपणारं दुसरं आहे कोण इथे?"

मी पेन्सिलला टोक केलं. टोपी तर जमली! आता हळूहळू खाली सरकेन.