भंतेजींच्या मागची चटई

आमच्या वस्तीतल्या विहारात सकाळी ध्यानाला एक गृहस्थ यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. भंतेजींचं आसन तेच अंथरायचे, त्याच्या सुरकुत्या तळहाताने काढायचे आणि बरोबर मागे आपली चटई टाकायचे. वंदना झाली की सगळे डोळे मिटत. हे मात्र भंतेजींच्या पाठीकडे टक लावून बसत. भंतेजी ताठ झाले की हेही ताठ. भंतेजींनी खांद्यावरची माशी हाकलली की यांचाही हात उठे. यांच्या खांद्यावर माशी नसे. मला हे दिसायचं, कारण गुडघ्यांमुळे मी बाजूच्या भिंतीशी खुर्चीवर असे आणि ध्यान मलाही लागत नसे.

भंतेजी मागे न वळताच म्हणत, "माझ्याकडे काहून पाहता जी? आपल्या श्वासाकडे पाहा. तो तुमच्याऐवजी मले पाहता येत नाही."

"हो जी, भंतेजी," म्हणून ते आणखी नीट पाहू लागत.

उन्हाळ्यात भंतेजी काटोलच्या विहारात कायमचे राहायला गेले. आता हे गृहस्थ काही येत नाहीत, असं मी धरून चाललो होतो. ते आले. रिकामं आसन अंथरलं, सुरकुत्या काढल्या, मागे बसले आणि डोळे मिटले. शेवटपर्यंत उघडले नाहीत.

बाहेर चपला घालताना मी विचारलं, "आज डोळे मिटले तुम्ही?"

"मंग? भंतेजी कवाचे सांगून राहिले होते," ते म्हणाले. "पण ते समोर असले का त्यायच्याकडे पाहण्यातच त्यायचं ऐकणं राहून जाये."